मुलाखतीत हात थरथरले तर थरथरू द्या

ताणाचा शरीरावर काय परिणाम होतो हे मोजायचं, तर आधी प्रयोगशाळेत माणसाला खराखुरा ताण द्यावा लागतो. हे वाटतं तितकं सोपं नाही. बर्फाच्या पाण्यात हात बुडवायला लावणं, किचकट गणितं घालणं असे बरेच प्रकार संशोधकांनी करून पाहिले. 1993 मध्ये जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठातल्या किर्शबाउम, पिर्के आणि हेलहॅमर या तिघांनी एक पद्धत मांडली. ती इतकी पक्की निघाली की आजही जगभरचे संशोधक तीच वापरतात. विजेचे झटके नाहीत, भीतीदायक चित्रं नाहीत. त्या पद्धतीत असते नोकरीची मुलाखत, तीही खोटी.

प्रयोगात भाग घेणाऱ्याला सांगतात, ‘समज, तू नोकरीसाठी आला आहेस. तयारीला 10 मिनिटं.’ तो कागदावर मुद्दे काढतो, पण बोलायच्या वेळी तो कागद जवळ ठेवू देत नाहीत. समोर निवड समितीची माणसं, शिवाय कॅमेरा. 5 मिनिटं स्वतःबद्दल बोलायचं. समितीने हसायचं नाही, मान डोलवायची नाही, असं त्यांना आधीच बजावलेलं असतं. बोलणारा मध्येच थांबला तर ते कोरडेपणाने म्हणतात, ‘अजून वेळ आहे, चालू ठेवा.’ तो पुन्हा थांबला तर 20 सेकंद कुणी काहीच बोलत नाही. हे उरकलं की 1022 मधून 13 वजा करत जायचं, आणि चुकलं की परत 1022 पासून सुरुवात. या सगळ्यानंतर लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक तपासलं, तर ते एरवीच्या दुप्पट ते चौपट झालेलं आढळलं.

इथे गंमत अशी की त्या माणसाला नोकरी मिळणारच नसते आणि हे त्याला ठाऊक असतं. तरी शरीर घाबरतं. तेव्हा खऱ्या मुलाखतीच्या आदल्या रात्री तुमच्या पोटात गोळा येत असेल, तर तुमच्यात काही खोट आहे असं समजायचं कारण नाही. ती परिस्थितीच तशी बेतलेली आहे.

नेमकं काय आहे तिच्यात? 2004 मध्ये डिकरसन आणि केमेनी या दोघींनी असे 208 अभ्यास एकत्र करून तपासले. कॉर्टिसॉल सर्वांत जास्त वाढतं ते दोन गोष्टी एकत्र आल्या की, असं त्यात दिसलं. एक म्हणजे कुणीतरी आपली पारख करत असणं, आणि दुसरी म्हणजे जे घडतंय त्यावर आपला ताबा नसणं. मुलाखतीत दोन्ही भरपूर. पारख होणारच, मुलाखत त्यासाठीच असते. पहिल्या गोष्टीचं आपण काही करू शकत नाही. दुसरीचं मात्र बरंच काही करता येतं, आणि मुलाखतीच्या भीतीवर जे उपाय खरोखर चालतात ते बहुतेक या दुसऱ्या गोष्टीवरच चालतात.

आधी शरीरात काय होतं ते थोडक्यात पाहू. धोका जाणवला की काही सेकंदांत अॅड्रेनलिन रक्तात येतं. लढा नाहीतर पळा, अशी ही तयारी. वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने 1915 च्या सुमारास तिचं वर्णन केलं. हृदय जोरात पंप करतं म्हणून धडधड. मोठ्या स्नायूंकडे रक्त वळतं आणि कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून हात गार. लाळ कमी आणि घट्ट होते म्हणून घशाला कोरड. तळहातांच्या घामाच्या ग्रंथी भावनेला लगेच प्रतिसाद देतात म्हणून हस्तांदोलनाच्या वेळीच नेमका हात ओला. कॉर्टिसॉलचा जोर मागून येतो, साधारण 20 ते 30 मिनिटांनी. यातलं एकही लक्षण तुम्हाला त्या कामातलं काही येत नाही असं सांगत नाही.

खरा त्रास डोक्यात होतो. एखादी गोष्ट काही क्षण लक्षात धरून तिच्यावर काम करण्याची मेंदूची क्षमता, म्हणजे वर्किंग मेमरी, फार तोकडी असते. स्वयंपाकघरातला छोटा ओटा समजा. चार भांडी मांडली की पाचव्याला जागा नाही. मुलाखतीत प्रश्न ऐकायचा, त्याला लागू पडणारा अनुभव आठवायचा, वाक्य जुळवायचं, हे सगळं त्याच ओट्यावर चालतं. त्यात ‘माझा आवाज कापतोय का’, ‘त्या बाईंनी आत्ता काय लिहिलं’, ‘मगाचचं उत्तर फसलं’ ही भांडी येऊन बसली की मूळ कामाला जागाच उरत नाही. शिवाय कॉर्टिसॉल चढलेलं असताना साठवलेली माहिती आठवणंही जड जातं. म्हणून घरी घडाघडा सांगता येणारी गोष्ट तिथे आठवत नाही, आणि बाहेर पडून जिना उतरताना सगळी उत्तरं रांगेत हजर होतात. अभ्यास कमी पडला असं नाही, ओटा भरला होता.

बहुतेकांची सगळी शक्ती एका चुकीच्या कामावर खर्च होते, असं माझं मत आहे. ते काम म्हणजे भीती लपवणं. हात टेबलाखाली घालायचे, चेहरा निर्विकार ठेवायचा, आवाज सावरायचा. या लपवालपवीला दोन कारणांनी अर्थ नाही.

पहिलं कारण, जेवढं वाटतं तेवढं ते दिसतच नाही. आपल्या मनातली खळबळ समोरच्याला स्पष्ट दिसत असणार, असं माणसाला नेहमी वाटतं. सॅव्हिट्स्की आणि गिलोविच यांनी 2003 मध्ये भाषण देणाऱ्यांवर प्रयोग केले. आपण किती घाबरलेले दिसलो याचा बोलणाऱ्यांचा अंदाज हा ऐकणाऱ्यांनी दिलेल्या अंदाजापेक्षा बराच वरचा निघाला. पुढे त्यांनी काही जणांना भाषणाआधी एवढंच सांगितलं, की तुमची भीती तुम्हाला वाटते तितकी बाहेर दिसत नाही. त्या लोकांची भाषणं ऐकणाऱ्यांनाही जास्त चांगली वाटली. नुसतं ठाऊक असल्याने फरक पडतो असं क्वचित होतं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. जे थोडंफार दिसतं त्याने नुकसान होत नाही. फायलर आणि पॉवेल यांनी 2016 मध्ये सराव-मुलाखतींचे व्हिडिओ बारकाईने तपासले. कपड्यांशी चाळा करणं, नजर इकडेतिकडे जाणं, अशा सवयींचा मुलाखत घेणाऱ्यांच्या मताशी फारसा संबंध लागला नाही. घाबरलेले उमेदवार मागे पडले ते वेगळ्याच गोष्टींत. त्यांच्या बोलण्यात ठामपणा कमी होता, आपुलकी कमी होती, आणि ते संथपणे बोलत होते. म्हणजे हात थरथरल्याने कुणाची नोकरी जात नाही. भीतीमुळे माणूस आक्रसून बसतो, दोन वाक्यांत उत्तर गुंडाळतो, हसायचं विसरतो, त्याने जाते. तेव्हा हात थरथरले तर थरथरू द्या, आणि वाचलेली शक्ती बोलण्यावर लावा.

आता ताबा मिळवण्याकडे वळू. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे विचारणं. मुलाखतीचं बोलावणं आलं की एचआरला सरळ विचारा: पॅनेलवर किती जण असतील, साधारण किती वेळ चालेल, लेखी किंवा प्रत्यक्ष काही करून दाखवायचं आहे का, किती फेऱ्या आहेत. लोक हे विचारायला संकोचतात, का कोण जाणे. तुम्ही तयारीला लागला आहात असाच याचा अर्थ निघतो. माहिती नसलेली प्रत्येक गोष्ट भीतीला खाद्य पुरवते. ठिकाण, वेळ, दार कुठलं, ऑनलाइन असेल तर लिंक चालते का, हे आदल्या दिवशीच पाहून ठेवा.

मग उत्तरं. इथे एक सापळा आहे, तो म्हणजे पाठांतर. पाठ केलेलं उत्तर सुरळीत वाटतं, पण ते शब्दांच्या साखळीने बांधलेलं असतं. एक कडी निसटली की पुढचं सगळं जातं. शिवाय प्रश्न जरा फिरवून आला तरी आपण आपलं तेच उत्तर त्यावर चिकटवतो, आणि समोरच्याला ते लगेच कळतं. त्यापेक्षा किस्से तयार ठेवा. आपल्या कामातले, शिक्षणातले किंवा घरची जबाबदारी पेलतानाचे सहा-सात खरे प्रसंग निवडा. प्रत्येकात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: परिस्थिती काय होती, तुमच्या अंगावर काय काम होतं, तुम्ही स्वतः काय केलंत, आणि शेवटी काय झालं. नोकरीच्या जगात याला स्टार पद्धत म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल, चौथी गोष्ट विसरू नका. बहुतेकांचा किस्सा तिसऱ्यावरच संपतो.

फरक कसा पडतो ते एका प्रश्नावर पाहा. ‘सहकाऱ्यांशी मतभेद झाले तेव्हा तुम्ही काय केलंत?’ घाबरलेल्या माणसाचं उत्तर ठरलेलं: ‘मी टीम प्लेअर आहे. मी सगळ्यांशी जुळवून घेते. मतभेद शक्यतो होऊच देत नाही.’ संपलं. यात खोटं काही नाही, पण धरायलाही काही नाही, आणि पुढे काय बोलायचं हे बोलणारीलाही सुचत नाही. आता दुसरं उत्तर: ‘एका अहवालाची मुदत दोन दिवसांवर आली होती. आकडे ज्या विभागाकडून यायचे होते, त्यांच्याशी आमचे नुसते ईमेलवर ईमेल चालले होते. ते म्हणत फॉर्म चुकीचा आहे, आम्ही म्हणत तो बरोबर आहे. मी उठून त्यांच्या टेबलाशी गेले आणि म्हटलं, तुमच्या स्क्रीनवर काय दिसतं ते मला दाखवा. त्यांच्याकडे फॉर्मची जुनी प्रत होती. संध्याकाळपर्यंत आकडे आले. तेव्हापासून फॉर्म बदलला की मी आधी फोन करते.’

दुसऱ्या उत्तरात भारी शब्द एकही नाही. पण ते घडलेलं आहे, म्हणून डोळ्यांसमोर दिसतं, आणि जे दिसतं ते सांगायला वर्किंग मेमरीवर फार ताण पडत नाही. शब्द दर वेळी वेगळे आले तरी बिघडत नाही. ठामपणाही आपसूक येतो, कारण ‘मी अशी आहे’ यावर कुणी वाद घालू शकतं, ‘मी उठून गेले’ यावर नाही. हाच किस्सा दडपणाखाली काम, चुकीतून शिकणं, पुढाकार अशा निदान तीन प्रश्नांना चालतो. म्हणून सहा-सात पुरतात.

हे किस्से मनात घोळवून उपयोग नाही. मनात सगळंच छान जुळतं. मोठ्याने बोला, शक्यतो कुणासमोर. आणि इथे त्या ट्रियरच्या पद्धतीचाच आपल्या फायद्यासाठी वापर करता येतो. मित्राला सांगा, की समोर दगडासारखा बस, मान डोलवू नको, मी थांबलो तरी गप्प राहा. पहिल्यांदा अंगावर येतं, कधी दोघांनाही हसू आवरत नाही. पण तीन-चार वेळा केलं की निर्विकार चेहऱ्यासमोर बोलत राहायची सवय होते, आणि प्रत्यक्ष मुलाखतीत नेमका तोच चेहरा बऱ्याच उमेदवारांचा धीर घालवतो. त्या चेहऱ्यामागे अनेकदा नाराजी नसते. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारून ठरलेल्या मोजपट्टीवर गुण देणं ही चांगल्या मुलाखतीची पद्धत मानली जाते. तो माणूस तुम्हाला नापसंत करत नसतो, टिपणं काढत असतो.

मुलाखतीच्या आधीची पाच-दहा मिनिटं बाहेर बसून काढायची असतात, तेव्हाचं काय? श्वास हा यातला सर्वांत भरवशाचा उपाय, आणि त्याला साधं शारीरिक कारण आहे. श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते, सोडताना कमी होते, कारण सोडताना व्हेगस मज्जातंतूचा लगाम घट्ट होतो. म्हणून सोडणं लांबवायचं. चार मोजत नाकाने घ्या, सहा मोजत सोडा. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. दोन-तीन मिनिटं पुरे. जोरजोरात खोल श्वास मात्र घेऊ नका, त्याने उलट गरगरतं.

दुसरा उपाय ऐकायला बालिश वाटेल. ‘शांत हो, शांत हो’ असं स्वतःला बजावण्याऐवजी ‘मला उत्साह आलाय’ असं म्हणायचं. अॅलिसन वुड ब्रुक्स यांनी 2014 मध्ये गाणं, भाषण आणि गणित या तिन्ही ठिकाणी हे तपासलं. उत्साहाचं वाक्य म्हणणाऱ्यांची कामगिरी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. त्यामागचा विचार पटण्यासारखा आहे. धडधडणारं हृदय एकदम शांत करणं अवघड असतं, पण भीतीतली धडधड आणि उत्साहातली धडधड शरीराच्या पातळीवर जवळजवळ सारखीच असते. नाव बदलायला काही लागत नाही. जादूची अपेक्षा ठेवू नका, पण फुकट आहे.

अशा झटपट उपायांच्या नावाखाली बऱ्याच गोष्टींची जाहिरात होते, त्यातल्या एकीबद्दल सावध करतो. हातपाय पसरून ऐटीत बसलं किंवा उभं राहिलं की संप्रेरकं बदलतात आणि आत्मविश्वास येतो, असं 2010 मध्ये 42 जणांवरच्या एका अभ्यासाने सांगितलं आणि ते जगभर पसरलं. 2015 मध्ये 200 जणांवर तोच प्रयोग पुन्हा झाला तेव्हा संप्रेरकं हलली नाहीत. लोकांना जरा दमदार वाटलं, एवढंच. पुढच्याच वर्षी मूळ अभ्यासाच्या पहिल्या लेखिकेनेही, आपला आता यावर विश्वास राहिलेला नाही, असं जाहीर केलं. बरं वाटत असेल तर उभे राहा, पण तयारीचा वेळ त्यावर घालवू नका. कॉफीचंही सांगून टाकतो. रोज पीत असाल तर रोजच्याइतकीच घ्या. त्या दिवशी जास्तीची नको, कॅफिनने धडधड आणि थरथर दोन्ही वाढतात.

आत गेल्यावर सगळ्यात जास्त छळते ती शांतता. स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये जगातल्या 10 भाषांमधली संभाषणं मोजली. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी 200 मिलिसेकंदांच्या आसपास निघालं, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. एवढ्या झटपट देवाणघेवाणीची सवय असलेल्या माणसाला तीन सेकंद थांबणं म्हणजे युग लोटल्यासारखं वाटणारच. मग तो घाईघाईत काहीतरी बोलून मोकळा होतो. यावर उपाय म्हणजे शांतता घेण्याआधी तिची सूचना देणं. ‘एक क्षण विचार करून सांगतो.’ एवढं म्हटलं की पुढचे चार-पाच सेकंद तुमचे. समोरचा वाट पाहतो, आणि तुम्ही विचारी वाटता हा वरचा नफा.

डोकं पार कोरं झालं तर काय म्हणायचं, हेही आधी ठरवून ठेवा, कारण त्या वेळी ते सुचणार नाही. ‘प्रश्न पुन्हा एकदा सांगाल का?’ हे कुठेही चालतं. उत्तराच्या मध्ये गाडी घसरली तर: ‘हे जरा विस्कळीत झालं, थोडक्यात परत सांगते.’ येतच नसेल तर: ‘याचा मला थेट अनुभव नाही. असं काम आलं तर मी सुरुवात अशी करेन…’ अशी तीन-चार वाक्यं तोंडात बसलेली असली की कोरं होण्याची भीतीच कमी होते. वाक्यं वापरावी लागतीलच असं नाही. खिशात असली तरी काम करतात. ‘मी जरा नर्व्हस आहे’ हे सांगावं का, असं लोक विचारतात. सुरुवातीला एकदा, हसत, सांगितलं तर काही बिघडत नाही. दर उत्तरापाशी माफी मागत बसलात तर मात्र पॅनेलचं लक्ष तुमच्या कामावरून भीतीवर जातं.

व्हिडिओवरच्या मुलाखतीत एक जास्तीची अडचण असते, ती म्हणजे स्क्रीनच्या कोपऱ्यातला स्वतःचा चेहरा. मगाचच्या ओट्यावर त्याने अर्धी जागा अडवलीच म्हणून समजा. बहुतेक अॅपमध्ये तो फक्त आपल्यापुरता लपवता येतो. लपवा.

हे सगळं करूनही काहींना पुरत नाही. मुलाखतीचं बोलावणं आलं तरी जाणं टाळणं, फोन उचलण्याचीही भीती, लोकांसमोर काहीही करताना महिनोन्महिने तीच गत, आणि त्यामुळे शिक्षण किंवा नोकरीच अडून बसणं, हा नुसता घाबरटपणा नव्हे. याला सामाजिक भयविकार म्हणतात. निदान करताना साधारण सहा महिने किंवा जास्त काळ टिकलेला त्रास धरतात. विचार आणि वागणूक यांवर काम करणाऱ्या सीबीटी उपचारपद्धतीचा यावर चांगला उपयोग होतो. त्यात भीती वाटणाऱ्या प्रसंगांना टप्प्याटप्प्याने सामोरं जायला लावतात. धडधड थांबवणारी प्रोप्रानोलॉलसारखी गोळी कुणा मित्राने सुचवली, तर परस्पर घेऊ नका. दमा असलेल्यांना ती धोक्याची ठरू शकते. हा निर्णय डॉक्टरांचा.

राहिली मुलाखतीनंतरची रात्र. मेंदू तेव्हा फक्त फसलेली वाक्यं पुन्हा पुन्हा वाजवतो, आणि दर वेळी ती जास्तच वाईट वाटू लागतात. बाहेर पडल्यावर तासाभरातच कागदावर उतरवून ठेवा: काय काय विचारलं, कुठे अडलो, कुठलं उत्तर बरं गेलं. बरं गेलेलं लिहायला विसरू नका, रात्री तेच आठवत नसतं. ज्या प्रश्नावर अडलात त्याच्यासाठी आपल्याकडे किस्सा होता का, ते पाहा. नसेल तर शोधून यादीत घाला, कारण तोच प्रश्न पुढच्या पॅनेलकडूनही येण्याचा संभव बराच असतो.